वच्छलाकाकीची बिनकामाची सायकल

आमच्या घरातली सगळ्यात चांगली जागा मागाची होती. खिडकीचा उजेड त्याला, पावसाळ्यात न गळणारा कोपरा त्याला, आणि उरलेल्या जागेत आम्ही पाच माणसं. नागपुरात महाल भागाच्या मागच्या अंगाला विणकरांची गल्ली होती, तिथं घरोघरी हीच मांडणी. बाबा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि दिवस मावळेपर्यंत नऊवारी लुगडी विणायचे. आई आणि आम्ही बहिणी चरख्यावर कांड्या भरायचो, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या बारक्या नळ्यांवर सूत गुंडाळायचो. मागाची खटखट चालू असली की चूल पेटणार हे नक्की. पण साठच्या दशकाच्या मध्यावर सुताची टंचाई सुरू झाली. इतवारीतला व्यापारी बाबांना पुढच्या आठवड्यात या म्हणायचा, पुढच्या आठवड्यातही तेच म्हणायचा, आणि माग गप्प बसायचा. गप्प मागाच्या घरात मोठ्यानं बोलायचीही लाज वाटायची. वरण पातळ होत होत शेवटी नुसतं हळदीचं पाणी उरायचं. ज्यांच्याकडे सूत होतं त्यांच्या कांड्या भरून द्यायला आई संध्याकाळी जायची आणि आल्यावर, मी तिकडंच जेवली, असं सांगायची. ती जेवलेली नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत असायचं, आणि आम्हाला माहीत आहे हे तिलाही.

अशा घरात रिकामा हात दिसला की आई त्या हाताला काम द्यायची. डाळ निवड, सुताचा गुंता सोडव, भावाला थोपट. मी अभ्याससुद्धा चरखा फिरवत केला, पुस्तक भिंतीला टेकवून आणि पानावर दगड ठेवून. शौक हा शब्द आमच्या गल्लीत शिवीसारखा वापरत. एखाद्याले शौक लागला म्हणजे दारू, सट्टा किंवा कबुतरं, आणि तिन्हींचा शेवट घरातल्या भांड्यांवर. शौक पुरुषांना लागायचे. बायांना कामं असायची.

मी त्या गल्लीतली पहिली बी.ए. हे मी मोठ्यानं सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे. पण शौक म्हणजे काय, हे मी कॉलेजात शिकले नाही. ते मी शेजारच्या वच्छलाकाकीकडे पाहून शिकले.

वच्छलाकाकी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागलेल्या दौलतकाकाची बायको. उंच, काळीसावळी, पुढच्या दोन दातांत फट, आणि हसली की त्या फटीतून बारीक शीळ निघायची. तिला वस्तू अंगठ्यानं दाबून पाहायची सवय होती. भाकरी झाली का, तर अंगठा. पपई पिकली का, तर अंगठा. माझ्या भावाचे गाल तर तिनं दाबून दाबून लाल करून टाकले होते. आणि तिचं एक पालुपद होतं, "कोणाचं काय अडलं?" मीठ जास्त पडलं, ताणा तुटला, पाहुणे उशिरा आले, काहीही झालं की ती आधी हे विचारायची. काही अडलं असेल तर पदर खोचून कामाला लागायची. नसेल अडलं तर हसून सोडून द्यायची.

घरात ती, दौलतकाका, दोन मुलं आणि सासू भागाआजी. भागाआजीच्या जिभेला गल्लीतले कुत्रेही भीत. ओट्यावर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायची.

त्या घरात सायकल आली ती काकीच्या भावामुळं. त्याला भिलाईकडे नोकरी लागली, तेव्हा जाताना तो आपली जुनी सायकल बहिणीकडे ठेवून गेला. पुरुषी सायकल, मध्ये दांडा असलेली, हिरवा रंग जागोजागी उडालेला. दौलतकाकाला सायकल येत होती पण विणकराला जायचं कुठं असतं? दोनचार महिने ती भिंतीला टेकून होती आणि भागाआजी तिच्यावर पापड वाळवायची. मग एका सकाळी काकीनं पापड उचलले आणि सायकल मैदानावर नेली.

तिशी उलटलेली, दोन लेकरांची आई. तिनं आधी पोरं शिकतात तशी कैची शिकून घेतली, दांड्याखालून पाय घालून. पडली, गुडघे फुटले, पुन्हा गेली. मग दांड्यावरून टांग टाकायला लागली. कॉलेजच्या पोरी पाचवारीत लेडीज सायकल चालवत, त्यांना नागपुरात कोणी नवलानं पाहत नसे. पण नऊवारीचा कासोटा घट्ट खोचून पुरुषी सायकलवर बसलेली बाई आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली. आपल्या नवऱ्यानं विणलेल्या लुगड्याचा इतका उपयोग दुसऱ्या कोणत्या बाईनं केला नसेल.

शिकली ते एक वेळ लोकांनी समजून घेतलं. आता बाजारहाट करील, दळण आणील, असं बाया म्हणाल्या. पण काकी दळण डोक्यावरच न्यायची. सायकल काढायची ती फक्त रविवारी. रविवारी गल्लीत पाजणी नसायची, म्हणजे एरवी ताणे या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून त्यांना खळ लावत बसायचे ते काम बंद असायचं आणि रस्ता मोकळा असायचा. पहाटे सगळं आवरून, भाकरी टोपल्यात झाकून, बाटलीत पाणी घेऊन ती निघायची आणि पोरं उठून दात घासेपर्यंत परत यायची.

कुठं गेली होतीस असं कोणी विचारलं की ती सांगायची, कुठंच नाही.

हे उत्तर दौलतकाकाला झोपू देईना. तो गरीब माणूस, बोलायला कमी. पण बायको दर रविवारी कुठंच नाही अशा ठिकाणी जाते हे कोणत्या नवऱ्याला पचेल? एका रविवारी किराणावाल्याची सायकल मागून तो तिच्या मागं गेला. परत आला आणि सरळ आमच्या ओट्यावर येऊन बाबांपाशी बसला. चेहरा असा, की आईनं न विचारताच पाणी आणून दिलं.

"बेसा गावाच्या रस्त्यानं गेली गा," तो म्हणाला. "तिथं नाल्यावर रपटा आहे. त्याच्यावर पाय सोडून बसली. पाणी प्याली. मंग वापस फिरली."

"कोणी भेटाले आलं?" बाबांनी हळूच विचारलं.

"कोणीच नाही."

"मंग?"

"मंग काय. तेच त समजून नाही राहिलं मले."

काही सापडलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आता भांडायचं कशावर? काकीला अर्थात सगळं कळलं होतं. किराणावाल्याच्या सायकलची साखळी अर्ध्या कोसावरून ऐकू यायची. तिनं नवऱ्याला एवढंच म्हटलं की, पुढच्या वेळी मागं मागं येऊ नका, बरोबर या, पाणी दोघांपुरतं घेते. तो काही गेला नाही. पण त्यानं विचारणं सोडलं. भागाआजीनं मात्र ओट्यावरून जाहीर केलं, "आमची सून दर ऐतवारी कोठंच-नाही ह्या गावाले जाते. तिचं दुसरं माहेर असन तिथं."

बेसा तेव्हा अगदीच लहान गाव. ज्वारीची वावरं, बैलगाडीची चाकोरी, बाभळी, तो नाला आणि त्यावरचा रपटा, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल. तिथं आमच्या गल्लीतल्या कोणाचं नातं नाही, देऊळ प्रसिद्ध नाही, बाजार नाही. काकीनं ते गाव नेमकं याचसाठी निवडलं होतं. पण हे ठरायच्या आधी एक कोराडीचा प्रसंग घडला होता.

सुरुवातीला एकदा तिनं आईशी बोलता बोलता सांगून टाकलं की येत्या रविवारी कोराडीच्या बाजूनं जाऊन येते. झालं. कोराडीला देवी. शनिवारी संध्याकाळपासून बाया यायला लागल्या. जाऊन राहिलीच आहे त माहा नारळ चढवून देजो. माही ओटी भरजो. रस्त्यात माणकापूरले माही नणंद राहते, तिले हे लोणचं देजो आणि तिची पोरगी कशी आहे ते पाहून येजो. एकीनं तर देवीच्या पायाला लावून आणायला पोराची शाळेची पाटी दिली. सकाळी निघाली तेव्हा कॅरिअरवर पोतं, हँडलला दोन्हीकडे पिशव्या आणि काकी मध्ये, इतवारीतल्या हातगाडीसारखी. परतली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. नारळ फुटले होते, ओट्या भरल्या होत्या, नणंदेची पोरगी बरी होती, आणि काकी आमच्या दारात फतकल मारून बसली.

"हे सायकल चालवणं नोहे वं," ती आईला म्हणाली. "हे हमाली होय."

आई म्हणाली, देवीच्या कामाला हमाली म्हणू नको. काकीनं कानाला हात लावला. देवीला ती कधीच नाव ठेवत नव्हती. देवी मले कायले बोलावते, म्हणाली, बोलावतात त ह्या बाया. आणि मग तिनं दिशाच अशी शोधली की जिकडं कोणाचं काही काम निघणार नाही. तरीही काही दिवसांनी एकीला सुचलंच की बेश्याकडं ताजी भाजी मिळत असेल.

मी कॉलेजात गेले त्या वर्षीची गोष्ट. एका प्राध्यापकांनी वर्गात एकेकाला उभं करून छंद विचारला. कोणी तिकिटं जमवत होतं, कोणी बॅडमिंटन खेळत होतं. माझ्यावर पाळी आली तेव्हा, अभ्यासातून वेळ मिळाला की मी जे करायची ते सांगितलं. कांड्या भरणे. वर्ग हसला. सर चांगले होते, ते म्हणाले ही हस्तकला आहे, उत्तम आहे. पण वर्ग हसला तो हसलाच. मी तणतणत घरी आले. काकी दारात बसून टायरमध्ये हवा भरत होती. तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, मी खोटं काय बोलले? फावल्या वेळात तेच तर करते.

तिनं पंप थांबवला, टायर अंगठ्यानं दाबून पाहिला आणि विचार करून म्हणाली, "तू उद्या कांड्या नाही भरल्या त कोणाचं काय अडन?"

"बाबांचा माग अडेल."

"मंग ते काम होय पोरी. मी ऐतवारी नाही गेली त कोणाचंच काही अडत नाही. अन् तरी मले घरी राहवत नाही. एवढाच फरक आहे, दुसरं काही नाही."

आणि पुन्हा पंप मारायला लागली. मी पुढं अर्थशास्त्र घेतलं, श्रम आणि विश्रांती यांच्यावर पानंच्या पानं वाचली, परीक्षेत लिहिली आणि चांगले मार्कही मिळवले. पण घरी कोणाला समजावून सांगायची वेळ आली तर मी काकीचंच वाक्य सांगते.

आता ज्या गोष्टीवरून तिचं हे वाक्य पणाला लागलं, ती सांगते.

मी शेवटच्या वर्षाला असेन. सुताचे हाल होतेच, त्यात यंत्रमागाची स्वस्त लुगडी बाजारात यायला लागली. आणि दौलतकाकाची नजर कमी व्हायला लागली. तुटलेला धागा त्याला दिसेना, काठात चूक राहायला लागली, व्यापारी माल परत करू लागला. घरात दोन शाळेतली मुलं. काकी आणि भागाआजी दोघी मिळून दिवसभर लोकांच्या कांड्या भरायच्या, तरी हातातोंडाची गाठ पडत नव्हती. अशा दिवसांतही ती रविवारी जायची. गल्ली बोलायची, घरात हे असं आणि हिले हिंडणं सुचून राहिलं. माझे बाबाही बोलायचे. काकी ऐकून घ्यायची. सहा दिवसांचं काम तिनं कधी सातव्यावर टाकलं नव्हतं, त्यामुळं तिला उत्तर द्यायची गरज वाटत नसावी.

त्याच सुमाराला धंतोलीतल्या काही सुशिक्षित बायांच्या मंडळानं आसपासच्या खेड्यांत बालवाड्या काढायचं ठरवलं. जागा पाहायला त्या मोटारीनं बेश्याकडं निघाल्या, तर रपट्यावर नऊवारीतली एक बाई पाय सोडून बसलेली आणि शेजारी पुरुषी सायकल. त्यांनी गाडी थांबवून विचारलं, कुठं निघालात? काकीनं नेहमीचं उत्तर दिलं. त्या बायांना गंमत वाटली. बोलता बोलता कळलं की बाई सातवी पास आहे आणि महालापासून इथवर सायकलनं येते. खेडोपाडी फिरून बालवाड्यांवर देखरेख करील अशी बाई त्या महिनाभर शोधत होत्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी काकीला बोलावून नोकरी देऊ केली.

गल्लीत आनंद झाला. म्हणजे शेवटी सायकल कामाला आली तर! ज्या बाया बोलत होत्या त्याच आता सांगायला लागल्या की आम्हाला आधीच माहीत होतं. काकी संध्याकाळी आमच्याकडे आली. आईनं गूळ हातावर ठेवला. काकीनं तो तोंडात टाकला आणि म्हणाली, "नोकरी चांगली आहे वं. पण माह्या रस्त्यावर आहे."

आई म्हणाली, मग चांगलंच की, रस्ता ओळखीचा. काकीनं बोटांना लागलेला गूळ पदराला पुसला. त्या घराला नोकरीची किती गरज होती हे तिच्यापेक्षा जास्त कोणाला कळत होतं? ती सोमवारपासून जायला लागली.

दौलतकाकानं बाजारातून सगळ्यात मोठं कॅरिअर आणून बसवलं. त्याच्यावर लोखंडी पेटी, पेटीत पाट्या, खडूचे डबे, दूध पावडर, मुलांची हजेरी. बेसा, तिथून पुढची गावं, मग वळसा घालून घर. काकी कामात चोख होती. आठवड्याभरात पोरांची नावं पाठ, महिन्याभरात त्यांच्या आयांची. मंडळाच्या बाया खूश होत्या. घरात डाळ शिजायला लागली, दौलतकाकाला चष्मा लागला, धाकट्याला शाळेचे कपडे आले. सगळं चांगलं होत होतं. नाल्यावरून ती आता रोज जायची आणि रोज येताना पुन्हा त्याच नाल्यावरून. रपट्यावर थांबायला मात्र वेळ नसायचा. थांबली तरी कोणी ना कोणी येऊन विचारायचं, बाई, आमच्या पोरीले घ्याल का शाळेत?

आणि रविवार आला की ती घरी राहायला लागली.

पहिल्या रविवारी थकली असेल असं सगळ्यांना वाटलं. मग पुढचाही गेला, आणि त्यापुढचाही. पावसाळा संपला, दिवाळी झाली. सायकल पेटीसकट भिंतीला उभी, आणि काकी आत कपडे धुते आहे, पोरांची डोकी पाहते आहे, भिंत सारवते आहे. कोणी म्हटलं की आता हौस फिटली असेल, रोजच चालवायची म्हटल्यावर, तर ती हो म्हणायची. तिला कोणी काही म्हणत नव्हतं आणि कोणी काही अडवलं नव्हतं. पण तिचं हसणं कमी झालं. ती बारीक शीळ ऐकू येईना. एकदा मीच विचारलं, काकी, जात नाही का आता? ती म्हणाली, "रस्ताच दिसला की मले हजेरी आठवते."

मला वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली. मी तेव्हा नोकरीची स्वप्नं पाहत होते. माणसाला जे करायला आवडतं तेच काम म्हणून मिळावं, असं कॉलेजात सगळे म्हणायचे. काकीला ते मिळालं होतं. आणि त्यात तिचं काहीतरी गेलं होतं, ते पगारात मोजता येत नव्हतं म्हणून कोणाला दाखवताही येत नव्हतं.

ते दिसलं भागाआजीला. मी हे काकीच्या घरात बसून ऐकलं आहे, आईनं पाजणीचा कुंचा आणायला पाठवलं होतं तेव्हा. शनिवारची संध्याकाळ. काकी भाकरी थापत होती. भागाआजी एकदम म्हणाली, "वच्छे, उद्या जाय वं."

"कोठं जाऊ?"

"कोठंच नोको जाऊ. जशी जात होतीस तशी जाय."

काकीचा हात थांबला. "आता काय ते, मामी," ती म्हणाली. सासूला ती मामी म्हणायची. "रोजच त चालवते."

"रोज चालवतेस ते पोटासाठी. मले काय ते समजत नाही असं वाटते तुले? मी काय कधी तुह्यावाणी हिंडली? पण तू येत होतीस तवा घरात येताना गाणं म्हणत येत होतीस. भसाडं होतं. पण होतं ना." आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण लगेच तिनं भाकरीला नावं ठेवायला सुरुवात केली.

दौलतकाका कोपऱ्यात बसला होता. तो उठला, किराणावाल्याकडे जाऊन पाना घेऊन आला आणि सायकलपाशी उकिडवा बसला. त्या माणसाला धाग्याची गाठ डोळे मिटून मारता यायची, पण नटबोल्ट त्याच्या हाताला कधी आले नव्हते. पाना निसटायचा, बोटं सोलायची, एक बोल्ट उलटाच आवळला गेला. काकी दारात पीठभरले हात घेऊन पाहत उभी होती. शेवटी पेटी निघाली, मग कॅरिअर निघालं. त्यानं ते दोन्ही उचलून भिंतीवरच्या खुंटीला टांगलं.

"हे वझं सोमवारचं," तो म्हणाला. "उद्या हे लागत नाही."

एवढंच. पण कॅरिअरशिवाय ती सायकल अशी हलकी, उघडीबोडकी दिसायला लागली, जणू दुसरीच. काकीनं पुढं होऊन अंगठ्यानं टायर दाबला.

सकाळी ती निघाली तेव्हा गल्ली दारात होती, कारण आमच्या गल्लीत पाना आणला तरी सगळ्यांना कळतं. समोरच्या घरची बाई सवयीनं पिशवी घेऊन पुढं आली, आणि ठेवायला जागाच दिसेना. तिनं विचारलं, कॅरिअर कोठं गेलं वं?

ओट्यावरून भागाआजी म्हणाली, "ऐतवारी सुटी असते त्याले."

काकी त्या दिवशी बेश्याकडं वळली नाही. बेसा आता तिच्या नोकरीचं गाव झालं होतं, ते तिनं नोकरीला देऊन टाकलं. ती उमरेडच्या रस्त्याला लागली. उशिरा आली, धुळीनं भरून, आणि गल्लीच्या तोंडापासून तिचं भसाडं गाणं ऐकू आलं. तिकडं काय आहे असं आईनं विचारलं. काकी म्हणाली, अजून माहीत नाही, थोडंच पाहून झालं.

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी दौलतकाका कॅरिअर काढायचा आणि सोमवारी पहाटे बसवायचा. हळूहळू त्याचा हात बसला. पुढं तर गल्लीतल्या सायकली तो सहज दुरुस्त करून द्यायला लागला, कोणी सांगितलं नसताना. काकी त्याला चिडवायची की तुम्हालाही शौक लागला का. माझ्या बाबांना हे सगळं शेवटपर्यंत पटलं नाही. ते म्हणायचे, काढायचं आणि बसवायचं, यात नटाचे आटे जातात. ते खरंही होतं. दौलतकाकानं दोन वेळा नट बदलले.

माझं म्हणाल तर मी बी.ए. झाले, मला सरकारी कचेरीत नोकरी लागली, लग्न होऊन मी चंद्रपूरला गेले. गल्ली बदलत गेली. माग एकेक करून बंद झाले. खड्डे बुजवून लोकांनी फरशा घातल्या. भागाआजी गेली. माहेरी आले की काकी भेटायची, मंडळाच्या कामाचं बोलायची. तिच्या हाताखालच्या बालवाड्या वाढल्या होत्या, आणि त्यांतून शिकून गेलेल्या पोरांतली काही आता मॅट्रिकला होती. त्याबद्दल ती अभिमानानं बोलायची. रविवारबद्दल आपण होऊन कधीच काही सांगायची नाही. मी विचारलं तर सांगायची, तेही थोडक्यात. सांगण्यासारखं काही घडत नाही, म्हणायची.

तिला मी शेवटची पाहिली ती ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, रविवारी. माहेरहून उमरेडमार्गे सकाळच्या एस.टी.नं परत निघाले होते. शहर मागं पडलं, चढ सुरू झाला आणि धुक्यात रस्त्याच्या कडेला एक उंच बाई सायकल हातात धरून चालताना दिसली. कासोटा, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. बूट तेवढे नवीन होते. चढ होता म्हणून उतरली असेल. पण चालण्यात घाई नव्हती. बाजूच्या वावरात जवस फुलला होता, निळा निळा, आणि ती मान वळवून तो पाहत चालली होती. मी खिडकीची काच सरकवायला गेले, ती अडकली होती. मी जोर करीपर्यंत गाडी पुढं गेली. मागं वळून पाहिलं तर ती थांबली होती आणि वावराच्या कडेनं वाकून एक फूल अंगठ्यानं दाबून पाहत होती.

वच्छलाकाकीनं मंडळाची नोकरी निवृत्तीपर्यंत केली. तिची दोन्ही मुलं मॅट्रिकच्या पुढं शिकली, आणि दौलतकाकाच्या डोळ्यांचं ऑपरेशन तिच्या पगारातून झालं. आणि त्या शनिवारनंतर तिच्या सायकलचा रविवार कोणाच्याही कामासाठी मोडला नाही.